साथीच्या सालातली बोर्डिंगं

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी शिकायला येणाऱ्या मुलांसाठी सर्व जातींना खुलं असं एक वसतिगृह सुरू केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण पुढची बावीस-तेवीस वर्षं, म्हणजे प्लेगच्या पहिल्या फेरीपासून १९१८ च्या इन्फ्लुएंझापर्यंत, कोल्हापूर संस्थानात साथी आणि वसतिगृहं एकाच काळात वाढत गेली. गावं ओस पडत होती आणि त्याच शहरात बोर्डिंगांच्या खोल्या भरत होत्या. साथीच्या वर्षात विद्यार्थी एकमेकांना धरून राहिले, कुणी पुढाकार घेतला, असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा तो पुढाकार संकटातून उगवला असं गृहीत धरतो. कोल्हापूरचा इतिहास वेगळं सांगतो. मुलांवर काही सोपवण्याची सवय आधीपासून असेल तरच संकटात त्यांच्याकडून काही उभं राहतं. ती सवय नसेल तर शाळेचं दार बंद होताच उरतात ती फक्त घराघरांत बसलेली मुलं.

त्या काळी कोल्हापुरात शिकणं म्हणजे काय होतं, ते आधी पाहायला हवं. गोपाळ कृष्ण गोखले कागल आणि कोल्हापूरला शिकले. थोरले भाऊ गोविंदराव कागलला पंधरा रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवत. महिन्याला आठ रुपये येणारा मुलगा नशीबवान होता. बाकीचे वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागत. ही सोय होती तीही ब्राह्मण मुलांना. शिरोळ, पन्हाळा, भुदरगडकडच्या कुणब्याच्या, जैन शेतकऱ्याच्या, लिंगायत वाण्याच्या पोराला शहरात ओळखीचं घर नसेल तर हायस्कूलची वाट तिथेच संपत होती. महार-मांगांच्या मुलाचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. थोडक्यात, विद्यार्थ्याचं जगणं एकेका घराच्या दयेवर टांगलेलं होतं. अशा व्यवस्थेत प्लेग आला की काय होत असेल? उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप घालून माळावर, मळ्यात झोपड्या टाकून राहायला जात. ज्या घरी वार होता ते घरच बंद झाल्यावर वार लावून जेवणाऱ्या मुलाने कुठे जायचं? हा तर्क आहे, पण त्या काळच्या जगण्याची रीत पाहता दुसरं काही संभवत नाही. घरगुती औदार्य चांगल्या दिवसांत पुरतं. साथीत सगळ्यात आधी तेच आटतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

कोल्हापूर १८९१ पासून मिरजेमार्गे रेल्वेने जोडलेलं होतं. त्यामुळे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या साथीपासून ते सुटणं शक्य नव्हतं. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यामागोमाग प्लेग, मग छप्पनचा दुष्काळ, असा तो काळ. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती चोपन्न हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावात साथ शिरली की कुणाचं घर मोकळं राहत नसे. महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं उघडली, अनाथ मुलांची सोय केली. पुण्यात काय घडलं ते सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घरात शिरले, आणि २२ जूनला त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. कोल्हापुरात शिकलेले गोखले पुढच्या साथीत पुण्यात प्लेगच्या कामाला स्वतः उतरले. या दोन वर्षांचा धडा सरकारलाही शिकावा लागला: लोकांना बरोबर घेतल्याशिवाय साथ आवरत नाही. हुकमाने घर रिकामं करता येतं, पण शेजाऱ्याच्या पोराला पेज नेऊन देणारं माणूस हुकमाने तयार होत नाही.

आता वसतिगृहांकडे. १८९६ चं सर्वांसाठीचं वसतिगृह काही वर्षांत एकाच समाजाच्या मुलांचं होऊन बसलं. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतातच असं नाही, हे महाराजांना त्यातून दिसलं. मग १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, त्याच वर्षी दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजाची, पुढे पांचाळ, सारस्वत, ख्रिश्चन, कायस्थ प्रभू अशी रांग लागली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले ते उगाच नव्हे. या सगळ्यांची रचना साधारण सारखी होती. दरबारकडून जागा, इमारतीला मदत, सालाना नेमणूक. उरलेला पैसा आणि रोजचा कारभार त्या त्या समाजाच्या पंचांकडे. म्हणजे बोर्डिंग ही सरकारी कचेरी नव्हती आणि कुणाच्या घरचं अन्नछत्रही नव्हतं. गावाकडचे लोक जोंधळ्याचं पोतं, चार रुपये, एखाद्या लग्नातला अहेर बोर्डिंगाला देत, आणि मुलाला कळत असे की आपलं ताट कुणा एकाच्या मर्जीवर नाही, पण ते कुठून तरी कष्टाने येतं आहे.

नेतृत्वाचं शिक्षण म्हणायचं तर ते इथे होतं. एका खोलीत राहायचं, एका पंगतीला बसायचं, कुणी आजारी पडला तर त्याच्याजवळ बसायचं, पैपैचा हिशेब ठेवायचा, सुपरिंटेंडंटपुढे गाऱ्हाणं मांडायचं. आज शाळेत नेतृत्वगुण विकासाचे तास असतात. तेव्हा तो शब्द कुणी वापरला नसेल. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्यासारख्याच वीस-पंचवीस मुलांचा भार आपल्यावरही आहे हे रोज जाणवावं, याहून मोठं शिक्षण कोणतं? या बोर्डिंगांशी जोडलेल्या माणसांची नावं सांगायची तर मराठा बोर्डिंगच्या उभारणीशीच ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते पां. चि. पाटील पुढे शेतकी शिक्षणात मोठे झाले, जैन बोर्डिंग चालवणारे आण्णासाहेब लठ्ठे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पण नावांपेक्षा रीत महत्त्वाची.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खराच गंभीर आहे. ही बोर्डिंगं जातीची होती. एकत्र राहण्याचं शिक्षण म्हणायचं आणि मराठ्याने मराठ्यात, जैनाने जैनात, अस्पृश्याने अस्पृश्यात राहायचं, मग यात कोणता समाज घडला? आक्षेप टाळून चालणार नाही. साथीला जात नव्हती. शुश्रूषेला मात्र होती. मिस क्लार्क होस्टेल वेगळं काढावं लागलं यातच त्या शहराचं दुखणं उघडं पडतं. पण त्या आक्षेपाचं सर्वांत बोलकं उत्तर एका विद्यार्थ्यानेच दिलं. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होते. ते मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला गेले, परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रसंगाकडे आपण बंड म्हणून पाहतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. बोर्डिंगच्या नियमांत राहिलेल्या मुलालाच बोर्डिंगची चूक नेमकी कुठे आहे ते दिसलं. ज्याला कधी सामूहिक जगण्यात वाटा मिळाला नाही, त्याला ते जगणं कसं बदलावं हेही सुचत नाही. जातवार बोर्डिंग हा अपुरा उपाय होता, त्या काळाच्या मापाने कापलेला. पण त्याच उपायातून त्याच्या पलीकडे जाणारा माणूस निघाला.

१९१८ हे वर्ष या सगळ्याची कसोटी होतं. ४ मार्चला करवीर पेट्यातल्या चिखली गावी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला सुरुवात झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, असा कायदा आदल्या वर्षी झाला होता. गोखल्यांनी असंच विधेयक १९११ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात मांडलं होतं आणि ते फेटाळलं गेलं होतं. ज्या संस्थानात ते शिकले तिथे ते अंमलात आलं. जूनमध्ये महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. पावसाने दगा दिला, जोंधळा महागला. आणि जूनमध्ये मुंबईत दिसलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या फेरीने सगळ्या इलाख्यावर तुटून पडला. मुंबईत ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात ७६८ माणसं गेली. हिंदुस्थानभर किती गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात; १९११ ते २१ हे दशक लोकसंख्या घटल्याचं एकमेव दशक ठरलं. या तापाचं एक क्रूर वैशिष्ट्य होतं. तो म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना जास्त नेत होता, म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आईबापांना आणि त्यांच्या मास्तरांना. नुकत्याच सुरू झालेल्या सक्तीच्या शाळेच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त असू शकत नव्हता. शेतावर काम करायला माणूस नाही, घरात दाणा नाही, आणि सरकार म्हणतं पोर शाळेत पाठवा. ती योजना त्या हिवाळ्यातच गुंडाळली गेली असती तर कुणी दोष दिला नसता. पण ती टिकली. १९२१-२२ पर्यंत शाळा चारशेच्या पुढे आणि मुलं बावीस हजारांच्या घरात गेली. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. साथीच्या पाठोपाठच्या वर्षात शाळेची व्याख्या आकसण्याऐवजी रुंदावली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत लक्षणीय वाटतं.

त्याच १९१९ च्या ४ ऑक्टोबरला भाऊरावांनी कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. तापाच्या लाटेला जेमतेम वर्ष झालं होतं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केलं त्यात सर्व जातींची मुलं एकत्र होती, स्वयंपाक, पाणी, शेतकाम स्वतः करत होती. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. कोल्हापूरच्या बोर्डिंगात जो वाटा मुलाला पंचांच्या देखरेखीखाली मिळत होता, तो साताऱ्यात पुरता त्याच्या हाती आला. कुणी म्हणेल, हे सगळं एका उदार राजाचं आणि एका असामान्य माणसाचं काम, त्यात विद्यार्थ्यांचं काय? राजाश्रय नसता तर बोर्डिंगं उभी राहिली नसती, हे मान्य. पण ६ मे १९२२ ला महाराज गेले आणि बोर्डिंगं बंद पडली नाहीत. त्यांतली कित्येक आजही आहेत. राजाने जागा दिली, पण जागा म्हणजे संस्था नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आत येणाऱ्या मुलांनी तिथली रीत पुढे नेली, म्हणून ती राहिली. आणि भाऊरावांना असामान्य म्हणून बाजूला काढलं तर तो असामान्यपणा कुठे घडला हा प्रश्न तसाच उरतो.

आता शंभर वर्षं पुढे या. १६ मार्च २०२० पासून कोविडमुळे महाराष्ट्रात शाळा बंद होऊ लागल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. पहिली ते आठवी परीक्षेविना वर ढकलले. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्टला निकाल लागला. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. या दीड वर्षातले सरकारी निर्णय, अग्रलेख आणि वादविवाद चाळले तर विद्यार्थी जवळजवळ एकाच रूपात दिसतो: परीक्षार्थी म्हणून. त्याला पाठ पोचवायचा, त्याला गुण द्यायचे, त्याला पास करायचं. शाळा बंद पण शिक्षण सुरू, हे राज्याचं घोषवाक्य होतं आणि त्यामागचे कष्ट खरे होते. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून टिलीमिली मालिका सुरू झाली, शिक्षकांनी मोबाइलवर धडे पाठवले, ज्या घरात फोन नाही तिथे पत्रकं घेऊन गेले. नाक्यावर आणि रेशन दुकानापाशी ड्युटीही केली, माझे कुटुंब, माझी जबाबदारी मोहिमेत दारोदार फिरले. शिक्षकांचं हे ऋण मोठं आहे. पण त्या घोषवाक्यात एक समज दडलेली आहे की शाळेतून शिक्षण काढून घरी नेता येतं आणि मागे फक्त इमारत उरते. प्रत्यक्षात मागे बरंच काही राहिलं. मागच्या बाकावरच्याला वही देणं, भांडण मिटवणं, स्नेहसंमेलनाचा खर्च बसवणं, मध्यान्ह भोजनाच्या रांगेत धाकट्यांना पुढे सोडणं, हे कोणत्याही फोनवर पोचलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या इमारतींचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून चाकरमानी शाहूवाडी, आजरा, चंदगड, भुदरगडकडे परतू लागले आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा अलगीकरणाची ठिकाणं झाल्या. गावाने त्यांना तिथे ठेवलं, डबा पोचवला, कुठे कुठे भीतीने दूरही लोटलं. शाळा गावाची होती आणि गावाच्या कामी आली, ही चांगलीच गोष्ट. त्या शाळेच्या मुलांना मात्र तिच्यात काही काम उरलं नव्हतं.

यावर सहज उठणारा आक्षेप असा की साथीत मुलांना पुढे करणं हे धोक्याचं आणि निर्दय आहे; मुलांना घरी ठेवलं हेच शहाणपण. संसर्गाच्या बाबतीत हे बिनतोड आहे. कुणी सोळा वर्षांच्या मुलीला कोविड केंद्रात पाठवा असं म्हणत नाही. पण वाटा देणं म्हणजे धोक्यात घालणं नव्हे. वर्गातल्या कोणत्या पाच मुलांकडे फोन नाही, कुणाच्या वडिलांचं काम सुटलं, कोण ऊसतोडीला गेलं, कुणाचं लग्न ठरवायला घेतलं आहे, हे मास्तरांच्या आधी वर्गातल्या मुलांना माहीत असतं. ही माहिती गोळा करायला, एखाद्या मैत्रिणीला वाड्यावरून हाक मारून अभ्यास सांगायला, गल्लीतल्या पाच लहानग्यांना पारावर अंतर ठेवून वाचून दाखवायला कोणता धोका होता? अनेक गावांत मुलांनी हे केलंही, पण ते आपापल्या मनाने. व्यवस्थेने त्यांच्याकडे मागितलं नाही.

मागितलं नाही, कारण मागण्याची सवयच मोडलेली होती. महाविद्यालयांतल्या थेट विद्यार्थी निवडणुका महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, २०१९ मध्ये त्या होणार असं ठरलं आणि मग पुढे ढकलल्या गेल्या. साथ आली तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षं राज्यातल्या विद्यापीठांच्या कॉलेजांत मुलांनी थेट मतदानाने आपला प्रतिनिधी निवडून दिलेला नव्हता. शाळेत मंत्रिमंडळ बहुधा स्वातंत्र्यदिनाच्या संचलनापुरतं असतं. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना जागा आहे, पण लॉकडाऊनमधल्या निर्णयांत त्या मुलांना कुणी विचारलं असं सहसा दिसलं नाही. राजकारण आणि मारामाऱ्या नकोत म्हणून निवडणुका बंद केल्या, हा युक्तिवाद त्या वेळी समजण्यासारखा होता. पण हिंसा थांबवायची तर निवडणूक सुधारायची असते. तीच काढून टाकली की पुढच्या पिढ्यांना जबाबदारीचा सराव कुठेच मिळत नाही, आणि मग संकटात त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

जुलै २०२१ मध्ये दुसरी लाट अजून ओसरायची होती. कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णांचं प्रमाण राज्यात सर्वांत चढं असणाऱ्यांपैकी होतं आणि निर्बंध कायम होते. त्यातच २२ तारखेपासून पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. दोन वर्षांपूर्वी, २०१९ मध्येही तेच झालं होतं. दरवेळी सर्वांत आधी रिकामी करावी लागणाऱ्या गावांत आंबेवाडी आणि प्रयाग चिखली असतात. चिखली म्हणजे तेच गाव, जिथे १९१८ च्या मार्चमध्ये सक्तीच्या शाळेचा पहिला वर्ग भरला होता. तोंडाला मास्क बांधून, जनावरं, पेट्या आणि दप्तरं घेऊन लोक ट्रॅक्टरमधून निघाले ते सोनतळीकडे, उंचवट्यावरच्या त्या माळावर, जिथे कधीकाळी शाहू महाराजांचा कॅम्प होता आणि जिथे १९८९ च्या पुरानंतर या गावाला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले होते. प्लेगच्या दिवसांत लोक गाव सोडून माळावर जात, तसेच.